आग्या माशी चांदण्यात उडते, फुलोरी का नाही?

समुद्रपूर तालुक्यातल्या एका तरुण कास्तकारानं विचारलं आहे: "आमच्या वावरातल्या पिंपळावर आग्यामोहोळ आहे. रानडुकरांसाठी जागलीला गेलो की पुनवेच्या आसपास रात्रीसुद्धा माश्या उडायचा आवाज येतो. धुऱ्यावरच्या बोरीत फुलोरीचं लहान पोळं आहे, त्या माश्या मात्र दिवस बुडाला की चिडीचूप. मोठ्या अंगाच्या किड्याला जास्त दिसतं काय? तसं असेल तर ट्रायकोकार्डातून, म्हणजे मित्रकीटकाच्या कार्डातून, निघणारा तो ठिपक्याएवढा किडा बोंडअळीचं अंडं शोधतो तरी कसा? आणि मग त्या कार्डांवर पैसा घालावा की नाही?"

भाऊ, हे तीन प्रश्न झाले, आणि तिसऱ्याचं उत्तर पहिल्या दोघांच्या पोटात आहे. त्यामुळं जरा धीर धरून वाचा. कपाशी, तूर आणि हरभऱ्यावरच्या किडींमागं मी तीसेक वर्षं वावरावावरांतून हिंडलो. यातलं बरंचसं आधी पुस्तकात वाचलं होतं, पण पटलं ते वावरात चुकल्यावर.

आधी सरळ उत्तर देतो. हो, एकाच घडणीच्या दोन किड्यांत जो अंगानं मोठा, त्याला बहुतेक वेळा जास्त बारीक दिसतं, कमी उजेडात दिसतं आणि वासही जास्त लागतो. पण लहान किडा म्हणजे मोठ्या किड्याचा छोटा फोटो, असं समजलात तर पुढचं सगळं चुकतं.

आपण वर्ध्याकडचे, तेव्हा सुतावरूनच सांगतो. एकाच सुताचं धोतर विणलं आणि त्याच सुताचा पंचा विणला. पंचा लहान झाला म्हणून सूत काही बारीक झालं नाही, धागे कमी लागले एवढंच. आता दोन्हींवर मोराची तीच नक्षी विणायची म्हटली, तर धोतरावर मोराचा डोळासुद्धा दिसेल. पंच्यावर मोर आहे की कोंबडा, याचाच वाद होईल. किड्याच्या अंगातलं सूत म्हणजे डोळ्यातलं एकेक भिंग, मिशीवरचा एकेक वास घेणारा केस आणि मज्जापेशीचा एकेक तंतू. अंग पंचवीस पट लहान होऊ शकतं, हे सूत तेवढं बारीक होऊ शकत नाही. का होत नाही, त्याला कारणं आहेत.

डोळ्यापासून सुरू करू. किड्याचा डोळा आपल्यासारखा एका भिंगाचा नसतो. तो शेकडो-हजारो नेत्रिकांचा, म्हणजे एकेका भिंगाच्या इवल्याशा डोळ्यांचा, बनलेला असतो, म्हणून त्याला संयुक्त नेत्र म्हणतात. पिकल्या केळावर घोंघावणाऱ्या बारीक फळमाशीच्या एका डोळ्यात साधारण ७५० ते ८०० नेत्रिका असतात. कामकरी मधमाशीच्या डोळ्यात पाच हजारांच्या वर असतात. पावसाळ्यात बोडीवर गिरक्या घालणाऱ्या मोठ्या चतुराच्या डोळ्यात हा आकडा तीस हजारांच्या आसपास जातो. एक नेत्रिका म्हणजे चित्रातला एक ठिपका. ठिपके जितके जास्त तितकं चित्र बारीक.

मग लहान किड्यानं नेत्रिका अजून बारीक करून जास्त का कोंबू नयेत? तिथं उजेडच आडवा येतो. प्रकाश ही लाट आहे आणि तिची लांबी साधारण अर्धा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दोन हजारावा भाग. भिंग या लाटेच्या मापाजवळ येऊ लागलं की प्रकाश एका ठिकाणी जमत नाही, पसरतो. मधमाशीच्या नेत्रिकेचं भिंग २० ते २५ मायक्रॉनचं असतं. त्यातून जवळपास एका अंशाएवढा धूसरपणा येतो. हात लांब करून अंगठा उभा धरा, त्याची रुंदी साधारण दोन अंश. म्हणजे मधमाशीला तुमच्या अंगठ्याच्या रुंदीत जेमतेम दोन ठिपके दिसतात. चंद्राचं बिंब अर्ध्या अंशाचं असतं, ते तिच्या एका ठिपक्यात सहज मावतं.

ट्रायकोकार्डातून निघणारा तुमचा किडा म्हणजे ट्रायकोग्रामा, पतंगाच्या अंड्यात आपली अंडी घालणारी इवलीशी गांधीलमाशी. तिचं अंग जेमतेम अर्धा मिलिमीटर. मधमाशीपेक्षा अंग पंचवीसेक पट लहान. त्याच हिशेबानं भिंग लहान केलं असतं तर ते एका मायक्रॉनचं झालं असतं आणि धूसरपणा तीस अंशांच्या घरात गेला असता. तिला समोर आभाळ आहे की झाड, एवढंच कळलं असतं. म्हणून निसर्गानं तिचं भिंग सहा मायक्रॉनच्या खाली जाऊ दिलं नाही. अंग पंचवीस पट लहान, भिंग चारच पट लहान. याची किंमत नेत्रिकांच्या आकड्यात मोजावी लागते: एका डोळ्यात सव्वाशेच्या आसपास, बस. त्यातून येणारं चित्र पाच अंशांच्या ठिपक्यांचं, म्हणजे एका मीटरवर आठ सेंटिमीटरच्या आतलं सगळं एकात एक मिसळलेलं.

या हिशेबातली एक गोष्ट मला फार आवडते. होरेस बार्लो या शास्त्रज्ञानं १९५२ साली दाखवून दिलं की किड्यांच्या डोळ्यातल्या भिंगाचं माप डोळ्याच्या मापाच्या वर्गमुळानुसार चालतं. म्हणजे डोळा चौपट मोठा झाला तर भिंग दुप्पट होतं आणि नजर दुप्पट बारीक होते. दुप्पट दिसायला चौपट डोळा! हा मोठा महागाचा सौदा आहे. याच कारणानं कूनो किर्शफेल्ड यांनी १९७६ मध्ये हिशेब मांडला की माणसाइतकं स्वच्छ दिसायला संयुक्त नेत्र किमान एक मीटर व्यासाचा लागेल. बंडीच्या चाकाएवढे दोन डोळे घेऊन कोण उडणार? लहान किड्यांचं डोकं बघाल तर ते डोळ्यांनीच भरलेलं दिसतं, त्यामागंही हेच आहे. अंगाच्या मानानं त्यांचे डोळे मोठेच असतात, तरी प्रत्यक्षात पुरत नाहीत.

आता तुमची आग्या माशी. दिवसा बारीक दिसणं ही एक गोष्ट, रात्री मुळात दिसणं ही दुसरी. भुरभुर पाऊस पडताना अंगणात एक परात आणि एक वाटी ठेवा. पाच मिनिटांत परातीत पुष्कळ थेंब जमतील, वाटीत दोन-चार. पाऊस किती पडला हे परातीवरून सांगता येईल, वाटीवरून निव्वळ अंदाज. चांदण्यातला उजेड हा तसाच भुरभुर पाऊस आहे, प्रकाशाचे कण मोजके पडतात. भिंग दीडपट रुंद झालं की सव्वादोनपट कण जमतात. आग्या माशी सतरा ते वीस मिलिमीटर लांब, फुलोरी त्याच्या निम्मी. आग्याचे संयुक्त नेत्र मोठे, त्यांतली भिंगं मोठी आणि डोक्यावर मधोमध जे तीन साधे डोळे असतात तेही मोठे. अर्धा चंद्र किंवा त्याहून जास्त असला की ती बाहेर पडते. फुलोरीच्या वाट्या तेवढ्या उजेडात रिकाम्याच राहतात.

पण नुसतं माप पुरत नाही, हेही सांगितलं पाहिजे. आग्याच्या आणि पेटीतल्या इटालियन माशीच्या डोळ्यांची तुलना झालेली आहे आणि त्यांच्यात रात्र-दिवसाइतकं अंतर सापडलं नाही, तरी इटालियन माशी रात्री उडत नाही. म्हणजे आग्याच्या मेंदूतही काहीतरी चालत असणार. शेजारच्या नेत्रिकांचा उजेड एकत्र करायचा, आणि थोडा जास्त वेळ जमवून मग चित्र काढायचं, असा तो हिशेब मानला जातो. चित्र ढोबळ होतं पण उडता येतं.

याचं सगळ्यात भारी उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. भीमाशंकरच्या जंगलात लाकूड पोखरून राहणारा एक भुंगा आहे, झायलोकोपा ट्रँक्वेबारिका. हेमा सोमनाथन, रेनी बोर्जेस आणि त्यांच्या सोबत्यांनी २००८ साली दाखवलं की हा भुंगा अमावास्येच्या रात्री नुसत्या चांदण्यांच्या उजेडात उडतो, आणि आपल्या घरट्याजवळच्या खुणेचा रंगसुद्धा ओळखतो. आपल्याला तेवढ्या उजेडात सगळं करडं दिसतं. त्याच जंगलातले त्याचे दुसरे धिप्पाड भाऊबंद मात्र मुख्यतः दिवसाच फिरतात. मोठं अंग म्हणजे रात्रीचा परवाना झाला, पण तो वापरायचा की नाही हे प्रत्येक जातीचं वेगळं.

जाती वेगळ्या असल्या की असा गोंधळ राहतोच, म्हणून एकाच घरातली लहान-मोठी भावंडं तपासलेली बरी. ते काम थंड मुलखातल्या केसाळ भुंगमाश्यांवर झालं आहे, ज्यांना बंबलबी म्हणतात. हिमालयात त्या आहेत, आपल्या विदर्भाच्या उन्हात नाहीत. त्यांच्या एकाच घरट्यातल्या कामकऱ्यांच्या वजनात दहा पटीपर्यंत फरक असतो. लहानपणी कोणाला किती चारा मिळाला यावर ते ठरतं. योहानेस श्पेथे आणि लार्स चिट्का यांनी २००३ मध्ये दाखवलं की मोठ्या कामकऱ्यांना छोटी वस्तू लांबून दिसते. पुढं २००७ मध्ये असंही दिसलं की मोठ्यांच्या मिशांना विरळ वासही कळतो. आई एक, घर एक, फक्त अंगाचं माप वेगळं. याहून स्वच्छ पुरावा मी तरी पाहिला नाही.

आता वास. इथं आपल्याकडं गडचिरोली-भंडाऱ्याचा टसर पतंग बघायला हवा. ऐन-अर्जुनाच्या झाडावर ज्या अळ्या पाळतात, त्यांचा. त्याच्या नराच्या मिशा पिसासारख्या असतात आणि मादीच्या त्यामानानं साध्या. त्या पिसाचा प्रत्येक फाटा बारीक केसांनी भरलेला असतो आणि प्रत्येक केस मादीच्या कामगंधाची, म्हणजे नराला बोलावणाऱ्या वासाची, वाट बघत असतो. त्याचा पाळीव चुलतभाऊ म्हणजे तुतीवरचा रेशमी पतंग. त्याच्या नराच्या एका मिशीवर असे सतरा हजारांच्या आसपास केस मोजले आहेत. याच पतंगाचा कामगंध अडोल्फ बुटेनान्ट यांनी १९५९ मध्ये पहिल्यांदा वेगळा काढला, त्यासाठी पाच लाख माद्या लागल्या. नंतर कळलं की त्या गंधाचा एक रेणू एका पेशीला जागं करायला पुरतो.

म्हणजे एकेक केस आधीच इतका तरबेज आहे की त्याहून चांगला करायला जागा नाही. मोठ्या पतंगाला फायदा मिळतो तो केसांच्या संख्येचा. जाळं मोठं, मासोळी सापडायची शक्यता जास्त. लहान पतंगाच्या मिशीवर केस कमी, पण प्रत्येक केस तितकाच तीक्ष्ण. म्हणून आपल्या गुलाबी बोंडअळीचा एवढासा, दोऱ्यासारख्या मिशांचा नर पतंगसुद्धा कामगंध सापळ्यात बरोबर येऊन पडतो. वासाच्या बाबतीत लहानपण डोळ्याइतकं आड येत नाही. लाटेच्या लांबीसारखी भिंत तिथं नाही.

कानाचं थोडक्यात सांगतो. रातकिड्याचे कान पुढच्या पायांत असतात. त्याचा आवाज ज्या लाटेनं येतो ती सात सेंटिमीटरची आणि दोन कानांतलं अंतर एक-दीड सेंटिमीटरचं, तेव्हा आवाज कुठून आला हे ठरवणं कठीणच. त्यानं दोन्ही कान अंगातून नळीनं जोडून घेतले आणि वाट काढली. हरभऱ्यावरच्या घाटेअळीचा पतंग ज्या कुळातला, त्या कुळात वटवाघळाची किंकाळी ऐकायला एका कानात फक्त दोनच पेशी असतात. त्यातही मोठ्या जातीचे कान जास्त तिखट असतात. ते बरंच आहे, कारण मोठा पतंग वटवाघळालाही लांबून सापडतो.

शेणकिड्याचं एक सांगतो आणि मग कार्डाकडं येतो, कारण ते सांगितल्यावाचून राहवत नाही. काही जातींत नराच्या डोक्यावर शिंग असतं. डग्लस एमलेन यांनी २००१ मध्ये दाखवलं की शिंग डोळ्याजवळ उगवत असेल तर डोळे लहान राहतात आणि शिंग डोक्याच्या पुढं उगवत असेल तर मिशा लहान राहतात. कोशात असताना पोषण ठरलेलं, शेजाऱ्यानं जास्त ओढलं की आपल्याला कमी. तिथं अंगानं मोठा, मिरवणारा नर नजरेच्या हिशेबात गरीब निघतो. मोठं अंग म्हणजे मोठा डोळा, हा नियम डोळे मिटून लावू नका म्हणतो ते याच कारणानं.

तर ट्रायकोग्रामा. सव्वाशे नेत्रिका, आखूड मिशा, पंखांना केसांची झालर. तो किडा अंडं शोधतो कसा? लांबून बघून नाहीच. ट्रायकोग्रामाची मादी पतंगाच्या खवल्यांचा माग काढते. पतंग अंडी घालताना पानावर त्याच्या पंखांची धूळ सांडते, तुमच्या बोटालाही ती लागते. त्या धुळीचा वास मादीला मिळाला की ती उडणं सोडते आणि त्याच पानावर वळणं घेत चालू लागते. तिच्या काही जाती तर अंडी घालायला आलेल्या मादी-पतंगाच्या अंगावर बसूनच प्रवास करतात आणि तिनं अंडं घातलं की उतरतात. फुकटची बंडी म्हणा. अंडं सापडलं की ती त्याच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालते आणि चालायला किती वेळ लागला त्यावरून अंडं केवढं आहे ते ठरवते. मोठं असेल तर आत जास्त अंडी सोडते. नजरेचं काम तिनं पावलांकडून करून घेतलं आहे.

याहून लहानही आहेत. मिरचीवरच्या फुलकिड्यांच्या कुळातल्या किड्यांची अंडी खाणारी मेगाफ्रॅग्मा ही जात मिलिमीटरचा पाचवा भाग. तिच्या डोळ्यात एकोणतीस नेत्रिका आणि अख्ख्या मज्जासंस्थेत ७,४०० च्या आसपास पेशी. मधमाशीच्या मेंदूत दहा लाखांच्या जवळपास असतात. मॉस्कोच्या अलेक्सेई पोलिलोव्ह यांनी २०१२ मध्ये दाखवलं की कोशातून बाहेर पडताना ती जागा वाचवायला आपल्या बहुतेक मज्जापेशींची केंद्रकंच टाकून देते. घर लहान पडलं म्हणून तिजोरी विकावी तसं, आणि तरी तिचा संसार चालतो.

आता कार्डावर पैसा घालावा का? घाला, पण ते ज्याला दिसत नाही त्याला नेऊन सोडायचं काम आहे, हे डोक्यात ठेवून. माझी चूक सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका म्हाताऱ्या कास्तकाराच्या तीन एकरांत कार्डं फक्त धुऱ्यालगत टोचून आलो, कारण पऱ्हाटी ओली होती आणि माझे बूट नवे होते. पंधरा दिवसांनी पात्या (कपाशीच्या कळ्या) मोजल्या तेव्हा धुऱ्याजवळच्या ओळींत अंडी काळी पडलेली, म्हणजे मित्रकीटकानं साधलेली, आणि वावराच्या मधात सगळं जसंच्या तसं. म्हातारा म्हणाला, "साहेब, तुमचे पाहुणे दारातच जेवून गेले जी." तो किडा स्वतःच्या बळावर काही मीटरच हिंडतो, बाकी वारा नेईल तिकडं.

म्हणून कार्डाच्या पट्ट्या कापून वावरभर वाटा. दर आठ-दहा मीटरवर एक तुकडा पानाच्या खालच्या बाजूला, सावलीत, संध्याकाळी किंवा अगदी सकाळी टाचा. मुंग्या लागल्या असतील ते झाड सोडा. आधी आणि नंतर काही दिवस फवारणी नको, एवढ्याशा जिवाला ती झेपत नाही. कामगंध सापळ्यात पतंग दिसू लागले की कार्डं लावायची. सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ-आठ पतंग पडायला लागले की मग पुढच्या उपायांची वेळ झाली, तोवर कार्डांचं काम झालेलं असलं पाहिजे. आणि डोमकळ्या (अळी शिरल्यानं न उमलता मिटून राहिलेली फुलं) तोडून नष्ट करणं, फरदड (हंगाम संपल्यावरही उभी ठेवलेली कपाशी) न ठेवणं, हे कार्डांनी टळत नाही. तुम्ही फरदड ठेवणार असाल तर कार्डाचे पैसे पोळ्याला खर्च करा.

पिवळ्या-निळ्या चिकट सापळ्यांचंही याच्याशीच नातं आहे. पांढरी माशी आणि फुलकिडे यांच्या नजरेला आकार कळत नाही, रंगाचा मोठा पट्टा कळतो. म्हणून सापळा पिकाच्या शेंड्याच्या उंचीला लावा आणि पीक वाढेल तसा वर सरकवत न्या. धुऱ्यावरच्या बाभळीला उंच टांगून उपयोग नाही.

तुमच्या पिंपळाकडं परत येतो. पुढच्या पुनवेला एक वही घेऊन बसा. फुलोरीची शेवटची माशी किती वाजता परतली आणि आग्याची शेवटची किती वाजता, एवढं लिहा, आणि अष्टमीला व अमावास्येला पुन्हा लिहा. मला कळवा, मी तुमचे आकडे माझ्या वहीत उतरवीन. फक्त मोहोळाखाली टॉर्च किंवा गाडीचा दिवा लावू नका. आग्या माशी रात्री उजेडावर धावून येते आणि तेव्हा तिला तुम्ही बरोबर दिसता.